बायकांनी मिळून सेवाभावी भरतकामाचं दुकान काढलं तर ते टिकतं का?

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय : आम्ही सात मैत्रिणी मिळून भरतकाम-विणकामाचं छोटं दुकान काढतोय. कुणीच पैसे घ्यायचे नाहीत, उरेल ते गावातल्या वृद्धाश्रमाला आणि मुलींच्या शाळेच्या फीला द्यायचं. हे टिकेल का? आणि माल आणायचा कुठून?

ताई, टिकतं. बेळगावात शहापूरच्या बाजूला आम्ही असंच दुकान चालवतो. मी त्यात नऊ वर्षं आठवड्यातल्या दोन दुपारी बसते. पण "कुणीच पैसे घ्यायचे नाहीत" हे वाक्य आधी खोडा. आमचं दुकान पहिल्याच वर्षी त्यावरून मोडायला आलं होतं.

गल्ल्यावर बसणारी, हिशेब लिहिणारी, इस्त्री करणारी बाई फुकट काम करू शकते, कारण तिच्या घरची चूल त्यावर अवलंबून नसते. टाका घालणाऱ्या बाईला मात्र मजुरी द्यायलाच हवी. आम्ही सगळ्यांकडून सरसकट सेवा मागितली. वडगावच्या एक मावशी होत्या, घरचा माग बंद पडलेला. रात्री जागून त्या आमच्यासाठी दुपटी शिवायच्या. आम्ही त्यांना शाल-नारळ दिला आणि पुढच्या महिन्यापासून त्या आल्याच नाहीत. घरी गेले तर ब्लाउजना हुक लावत बसलेल्या. म्हणाल्या, "बाई, तुमचं काम पुण्याचं खरं, पण लाईटबिल कशानं भरू?" मला तिथं बसवेना. तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर मागच्या बाजूला तास लिहिलेले असतात, आणि वस्तू विकायची वाट न बघता मजुरी हातावर दिली जाते. ज्यांना घ्यायची नसते त्या तसं सांगतात, पण ते त्यांनी सांगायचं, आपण धरून चालायचं नाही.

आता किमतीचं. समजा एका कसुतीच्या पर्सला 12 तास लागले. तासाला 60 रुपये धरले तर मजुरी 720, कापड-दोरा-अस्तर 80. त्यावर 200 ठेवले की हजार होतात, आणि ते 200 ज्या संस्थांना मदत द्यायची त्यांचे. गिऱ्हाईक म्हणतं, बाजारात तीनशेला मिळते. मिळते, पण ती मशीनची. कसुती म्हणजे छापा न उठवता कापडाचे धागे मोजत घातलेले टाके. त्यातले गवंती आणि मुरगी हे दोन टाके नीट जमले तर कापड उलट-सुलट सारखं दिसतं. म्हणून धारवाडकडची जाणती बाई आधी पर्स उलटी करून आतलं बघते, आणि मगच "इदु एष्टु, अक्का?" म्हणजे "हे कितीला, ताई?" असं विचारते. तिच्याशी घासाघीस होत नाही. कसुतीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा मशीनवर भरलेलं कापड त्या नावानं कधीही विकू नका, कितीही खपत असलं तरी. रोजचा गल्ला मात्र लहान वस्तूंवर चालतो : खणाच्या पिशव्या, झबली-टोपडी, राख्या, लग्नसराईत रुखवताचे रुमाल.

माल विकत आणायची घाई करू नका. आमचा निम्मा माल लोकांच्या कपाटांतून येतो. आई किंवा आजी गेली की मुलं घर आवरताना एक डबा निघतो, बहुतेक वेळा बिस्किटांचा. त्यात दोऱ्याच्या लड्या, क्रोशाच्या सुया, जुनी बटणं, मासिकांतून कापलेले नमुने. टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही, म्हणून ते आमच्याकडं आणतात. डबा घेताना घाई करू नका, त्यांना बसवा, पाणी द्या. एकदा एका गृहस्थांनी आणलेल्या डब्यात दोसुतीच्या तुकड्यावर "सुस्वाग" एवढंच भरलेलं होतं, पुढच्या अक्षराच्या जागी सुई तशीच टोचलेली. त्यांना विचारलं, पुरं करू का? ते बराच वेळ गप्प होते, मग हो म्हणाले. आमच्यातल्या एकीनं त्याच सुईनं "तम" भरलं. त्यांनी पूर्ण किंमत देऊन ते घरी नेलं. अर्धवट काम विचारल्याशिवाय उसवू नका, विकूही नका.

मात्र अशा दोऱ्यांची परीक्षा घ्या. चिठ्ठी नसलेल्या एका लाल लडीनं आमचं पांढरं दुपटं पहिल्या धुण्यातच गुलाबी केलं आणि बारशाच्या घरात आमची नाचक्की झाली. ओल्या पांढऱ्या फडक्यात दोरा रात्रभर दाबून ठेवायचा. रंग उतरला तर तो भिंतीवरच्या शोभेच्या कामाला वापरायचा, अंगावरच्या कपड्याला नाही. आणि खानापूरचा पाऊस तुम्ही जाणताच. आषाढात कापड जमिनीपासून उंच ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी सगळं बाहेर काढा, नाहीतर बुरशीचे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

तुम्ही सात जणी आहात ते बरं, कर्नाटकाच्या 1960 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. बँकेतून पैसे काढायला दोन सह्या ठेवा, मैत्री टिकते. पाटीवर 60 टक्के कन्नड असावं लागतं, ते पाटी रंगवण्याआधीच बघा. आमच्या पाटीवर वर कन्नड आहे, खाली मराठी. आत दोन्हीकडच्या बायका एकाच चटईवर बसतात. कसुतीतला एक टाका मेथीच्या दाण्यासारखा दिसतो म्हणून तो मेंथी टाका, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

राहिलं पैसे कुणाला द्यायचे ते. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा-घटप्रभेला पूर आला, चिकोडी-गोकाककडची गावं पाण्यात गेली, तेव्हा आम्ही दुकान बंद ठेवून वाकळा शिवल्या. शिंप्यांकडचे कटपीस होते, हात होते, जीवही तुटत होता. पण वाकळ एकदा भिजली की ओल्या घरात आठवडाभर वाळत नाही. तिथल्या बायकांनी सांगितलं, पातळ चादरी द्या, अंगावर बदलायला परकर द्या. तेव्हापासून देण्याआधी जाऊन विचारतो. मुलींची फी आम्ही थेट शाळेत भरतो आणि पावती दुकानात लावतो, मुलीचं नाव झाकून. वृद्धाश्रमात गेल्या खेपेला देणगीची रक्कम ठरवायला गेलो होतो. तिथल्या आयाबाई म्हणाल्या, अंथरुणाला खिळलेल्यांना डोक्यातून गाऊन घालताना हात वळत नाहीत हो, पुढून नाडी असलेले मिळतील का? मऊ सुती कापडाचे असे वीस गाऊन सध्या वडगावच्या मावशी शिवताहेत, मजुरी घेऊन. तुमच्याकडच्या वृद्धाश्रमातही आधी हेच विचारून बघा. माप हवं असेल तर आमचा कागदी कटिंगचा नमुना तुम्हाला देते.