ॲस्टर प्लेसची पाटी घ्या, भिंत मात्र थांबू द्या

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तुम्ही आणि तुमचे यजमान रोज संध्याकाळी न्यूयॉर्क सबवेच्या ॲस्टर प्लेस स्थानकात भेटून एकत्र घरी जायचात. आता क्वीन्समधल्या तुमच्या को-ऑप (सहकारी सोसायटीतल्या) घरात त्या स्थानकाची जुनी इनॅमलची पाटी लावायची आहे, ३,२०० डॉलरची. शिवाय दाराशेजारच्या भिंतीवर तिथल्या बीव्हरच्या (झाडं कुरतडणाऱ्या, पाण्याकाठच्या केसाळ प्राण्याच्या) टाइल्सची प्रतिकृती, मजुरीसकट ७,८०० डॉलर. या ११,००० साठी यजमानांच्या ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतून निवृत्तीसाठी साठवून बाजारात गुंतवलेल्या पैशांतून, कर्ज काढायचं, कारण ‘व्याज आपलं आपल्यालाच मिळतं, आणि पाटीची किंमतही वाढतच जाणार’.

पाटी घ्या, पण रोखीने आणि किमतीची नीट घासाघीस करून. भिंत यंदा नको. आणि ४०१(के)ला हात लावू नका.

आधी कर्जाचं. व्याज स्वतःलाच मिळतं हे खरं, पण ते पैसे तेवढा काळ बाजारातून बाहेर राहतात. त्याहून मोठी काळजी तुम्हीच पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिली आहे: यजमानांच्या विभागात नोकरकपातीची चर्चा आहे. नोकरी गेली तर उरलेलं कर्ज साधारणपणे त्या वर्षीच्या कर-विवरणाच्या मुदतीपर्यंत फेडावं लागतं. ते जमलं नाही तर ती रक्कम उत्पन्न धरून तिच्यावर कर लागतो, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर बहुतेक वेळा वर १० टक्के दंड. पगार थांबलेला असताना ही वेळ येऊ देऊ नका. तुमच्याकडे अडीअडचणीसाठी ९,००० डॉलर आहेत आणि महिन्याचा खर्च ५,५०० आहे. म्हणजे दोन महिनेसुद्धा निघत नाहीत. मला खरी धास्ती याची वाटते.

आता ‘किंमत वाढेल’ हे कागदावर मांडून बघू. ३,२०० वर शहरात लागणारा ८.८७५ टक्के सेल्स टॅक्स २८४ डॉलर, म्हणजे पाटी पडली ३,४८४ ला. दहा वर्षांनी ती लिलावात दिलीत आणि लिलाववाल्याने १५ टक्के कमिशन घेतलं, तर नुसती मुद्दल सुटायला बोली सुमारे ४,१०० वर जायला हवी. त्या बोलीवर घेणाऱ्याकडून आणखी २५ टक्के घेतात असं धरलं, तर त्याच्या खिशातून ५,१२५ च्या आसपास जाणार. म्हणजे आज ३,२०० ला मिळणाऱ्या पाटीसाठी तेव्हा कुणीतरी ६० टक्के जास्त मोजायला तयार हवा, तेव्हा कुठे तुमची बरोबरी होणार. वर्षाला ४.८ टक्के वाढ, आणि हातात नफा शून्य. नफा झालाच तर अशा संग्राह्य वस्तूंवर दीर्घ मुदतीचा केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. शेअरच्या नफ्यावर बहुतेकांना १५ टक्के पडतो. घरात वापरायला घेतलेली वस्तू तोट्यात विकली तर तो तोटा करात दाखवताही येत नाही. तेव्हा ही गुंतवणूक नाही. तुमच्या घरातली प्रेमाची वस्तू आहे, आणि तेवढ्यासाठी ती घेण्यात काहीही चूक नाही.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, वरच्या कडेला बारीक पांढरी रेघ. दुकानदार हिला १९५०च्या दशकातली म्हणतो. सबवेच्या पाट्यांची ही घडण युनिमार्क या डिझाइन संस्थेच्या मासिमो विन्येली आणि बॉब नूर्डा यांनी १९६६ पासून बसवत आणली, तिची नियमपुस्तिका १९७० ची, आणि तीतसुद्धा अक्षरं पांढऱ्यावर काळी होती. काळ्यावर पांढरी अक्षरं त्यानंतर आली. म्हणजे ही पाटी १९५०च्या दशकातली असूच शकत नाही. खोटी आहे असं मी म्हणत नाही, पण दुकानदाराला हे शांतपणे सांगा आणि भाव पुन्हा बोला. ती स्थानकातून बाहेर कशी आली याचा कागदही मागा. चोरीच्या मालावर घेणाऱ्याची मालकी लागत नाही, पैसे मोजले असले तरी. सबवे चालवणारी एमटीए स्वतः वापरातून काढलेल्या पाट्या विकते. तिथे काही मिळतंय का तेही बघा, मग हा प्रश्नच उरत नाही.

भिंतीबद्दल लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण तो बीव्हर मलाही फार आवडतो. जॉन जेकब ॲस्टरने बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारात पैसा केला, म्हणून १९०४ साली उघडलेल्या त्या स्थानकात ग्रूबी कंपनीच्या भाजलेल्या मातीच्या फलकांवर तो झाड कुरतडताना दिसतो. स्थानकाच्या अंतर्भागाला १९७९ साली शहराने वारसा दर्जा दिला आहे, तेव्हा कुणी ‘अस्सल फलक आहे’ म्हणून दाखवला तर लांबच राहा. तुमची प्रतिकृती आहे, त्यामुळे ती अडचण नाही. अडचण सिमेंटची आहे. भिंतीत बसवलेल्या टाइल्स घर विकलं की घराबरोबर जातात, आणि नव्या माणसाला ॲस्टर प्लेसचं काय? शिवाय को-ऑप बोर्डाची परवानगी लागेल ती वेगळीच.

कारागिराला विचारा: एकच बीव्हर आणि भोवती पट्टी, टाइल-बोर्डवर बसवून, चौकटीसकट, असं किती पडेल? तो फलक भिंतीच्या आतल्या उभ्या आधारपट्ट्यांना स्क्रूने टांगता येतो आणि घर बदललं तर बरोबर नेता येतो. हा खर्च मात्र राखीव रक्कम १६,५०० वर, म्हणजे तीन महिन्यांच्या खर्चाइतकी झाल्यावरच. तुम्ही महिन्याला ७०० बाजूला टाकता. त्यातले ५०० राखीव रकमेत आणि २०० पाटीच्या डब्यात टाका. नोकरीचं चित्र स्पष्ट झालं की हे प्रमाण बदलू.

पाटी घरी आली की नवीन भोक पाडू नका. पोलादावर काचेचा थर भाजलेला असतो; ड्रिल लागलं की टवका उडतो आणि तिथूनच गंज धरतो. मूळची भोकं आहेत, तीच वापरा. आणि पावती विम्याच्या कागदांबरोबर ठेवा.