मेल येतो, पण जात नाही

प्रश्न : मी जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात डिस्पॅच बघते. सासूबाईंच्या पायाचं ऑपरेशन झाल्यापासून आठवड्यातले तीन दिवस अमळनेरला घरून काम करते. कंपनीचा मेल सर्व्हर ऑफिसातच आहे. तिथं लॅपटॉपवर आउटलुक छान चालतं. घरी आधी काहीच जोडलं जात नव्हतं. ऑफिसातल्या मुलानं फोनवर सांगून १९२.१६८.१.१० हा नंबर काढायला आणि सर्व्हरचं नाव टाकायला लावलं. तेव्हापासून मेल येतो, पण पाठवलेला आउटबॉक्समध्येच अडकून राहतो. पासवर्ड चारदा बदलला, आउटलुक काढून परत टाकलं. शेठ म्हणतात, ‘बाकीच्यांचं चालतं, तुमचंच कसं बंद?’ दादा, माझं काय चुकतंय? — एक भगिनी, अमळनेर

उत्तर : ताई, तुमचं काहीच चुकलेलं नाही, आणि हे शेठनाही वाचायला द्या. बाकीच्यांचं चालतं कारण ते ऑफिसात बसून मेल पाठवतात. आणि येणारे मेल उघडतायत म्हणजे पासवर्ड बरोबर आहे. त्याला आता हात लावू नका.

याच एमआयडीसीत मी एकवीस वर्षं सर्व्हर आणि केबल सांभाळतोय. अमळनेर-धुळ्याकडची माणसं फोन करतात ते याच शब्दांत, ‘भाऊ, मेल येस, पन जास नही.’ दरवेळी त्यांनी माझ्याआधी दोन दिवस पासवर्ड बदलण्यात घालवलेले असतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी तो नंबर. १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते घरगुती असतात, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. गल्लीत ‘वाड्यातले नाना’ म्हटलं की पोरगंही घर दाखवतं, पण तेवढ्यावर परगावचं पत्र पोचत नाही. तुमच्या घरच्या राउटरनंही बहुधा हेच नंबर वाटलेले असतील. म्हणजे अमळनेरात १९२.१६८.१.१० वर तुमचा टीव्हीसुद्धा असू शकतो, आणि आउटलुक त्याच्याकडे मेल मागत बसलं असेल. नाव टाकल्यावर निम्मं काम झालं ते त्यामुळे.

उरलं निम्मं. मेल येण्याचं दार वेगळं, जाण्याचं वेगळं. आयमॅपनं, म्हणजे सर्व्हरवरचा मेल वाचायच्या पद्धतीनं, येणारा मेल ९९३ नंबरच्या पोर्टमधून, म्हणजे सर्व्हरच्या त्या नंबरच्या दारातून येतो आणि तुमच्याकडे तो उघडा आहे. जाणारा मेल तुमचं आउटलुक अजून २५ नंबरच्या पोर्टवर पाठवत असणार, असा माझा अंदाज आहे. ऑफिसात ते खपतं. आतल्या कॉम्प्युटरांवर विश्वास ठेवा, त्यांना पासवर्ड विचारू नका, असं आपल्याकडच्या बऱ्याच सर्व्हरांना बसवतानाच सांगितलेलं असतं. पण २५ हे पोर्ट एका सर्व्हरनं दुसऱ्या सर्व्हरला टपाल देण्यासाठी आहे. व्हायरस लागलेले घरगुती कॉम्प्युटर त्यातून रद्दी मेल ओकायचे, म्हणून बरेच इंटरनेट देणारे घरच्या कनेक्शनवर ते बंदच ठेवतात. माणसांनी आपला मेल सर्व्हरकडे सोपवावा यासाठी १९९८ मध्ये ५८७ हे पोर्ट वेगळं ठेवलं गेलं. २०१८ पासूनची शिफारस तर अशी की पहिल्या अक्षरापासून कुलूपबंद असलेलं ४६५ वापरा. यांतलं तुमच्या सर्व्हरवर काय चालू आहे, ते ऑफिसातल्या मुलाला विचारा.

तो ५८७ म्हणाला तर त्याच्या शब्दावर न राहता घरून एकदा बघा. विंडोज फीचर्समध्ये जाऊन टेलनेट चालू करा, दार ठोठावून बघायचा तो एक छोटा प्रोग्राम आहे. मग कमांडच्या काळ्या खिडकीत टेलनेट, एक जागा सोडून सर्व्हरचं नाव, परत एक जागा सोडून ५८७ असं लिहून एंटर दाबा. क्षणभरानं २२० ने सुरू होणारी एक ओळ उमटली, की दार उघडं आहे आणि पलीकडे सर्व्हर जागा आहे. खिडकी बराच वेळ तशीच थांबली आणि मग जोडता आलं नाही म्हणाली, तर वाटेत कुणीतरी अडवतंय. तेव्हा फोनच्या हॉटस्पॉटवर हेच करून बघा. तिथं २२० दिसलं तर तुमच्या घरच्या कनेक्शनचा दोष. दोन्हीकडे सारखंच झालं तर कंपनीच्या राउटरनं ५८७ सर्व्हरपर्यंत पोचवलेलं नाही, आणि ते काम त्या मुलाचं आहे, तुमचं नाही.

दार उघडं मिळालं की आउटलुकच्या अकाउंट सेटिंगमध्ये जाणाऱ्या सर्व्हरचं पोर्ट २५ चं ५८७ करा, एन्क्रिप्शनला, म्हणजे मेलच्या कुलपाला, स्टार्टटीएलएस निवडा. शेजारच्या टॅबमध्ये ‘आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं’ अशा अर्थाची एक चौकट असते, तिच्यावर टिक करा. ही टिक राहून गेली की सर्व्हर ५५० नंबर देऊन ‘रिलेइंग डिनाइड’, म्हणजे तुमचा मेल पुढे पोचवणार नाही, म्हणतो आणि माणूस पुन्हा पासवर्डच्या मागे लागतो. पहिला मेल स्वतःलाच, एका ओळीचा पाठवा. चटईच्या गठ्ठ्यांचे फोटो त्याला जोडू नका. जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशानं फुगते, १५ एमबीचे फोटो २० एमबी होतात आणि सर्व्हरच्या मर्यादेला अडकतात. मग दोष पोर्टचा की फोटोंचा, हे कळत नाही.

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचं. प्रमाणपत्रावरचं, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्रावरचं, नाव जुळत नाही अशी सूचना आली, तर ‘हो, पुढे चला’ दाबून मोकळं होऊ नका. कुणी एन्क्रिप्शन ‘नन’ करा म्हणालं तर तर मुळीच ऐकू नका. एका दालमिलमध्ये असंच ‘नन’ करून काम भागवलेलं मी पाहिलं होतं. मालकाचा पासवर्ड दोन महिने लॉजच्या वायफायवरून उघडा फिरत होता. सूचना आली की आउटलुकमध्ये लिहिलेलं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. बहुतेकदा कुठंतरी जुना नंबर राहिलेला असतो.

आणि त्या मुलाला माझा निरोप द्या. सर्व्हरचं तेच नाव ऑफिसात आतला पत्ता देईल आणि बाहेर बाहेरचा, अशी सोय ऑफिसच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून नंबर सांगणाऱ्या यादीत, करता येते, अर्ध्या तासाचं काम आहे. नाहीतर ताईंना दर खेपेला अमळनेर-जळगाव गाडीत बसून सेटिंग बदलावं लागेल.

प्रश्न : घरचा कॉम्प्युटर रोज सकाळी सुरू केला की मेल उघडत नाही, प्रमाणपत्र चालत नाही म्हणतो. दुपारी मुलगा काहीतरी करतो, मग चालतं. — एक वाचक, शिरपूर

उत्तर : आप्पा, मुलगा तारीख दुरुस्त करत असणार. रात्री बटण बंद केलं की घड्याळ जुन्या सालावर जातं, आणि त्या सालात ते प्रमाणपत्र अजून निघालेलंच नसतं. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपलाय. सीआर२०३२, तीन व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानात मिळेल.

प्रश्न : कंपनीचं मेल खातं दर दोन-तीन तासांनी लॉक होतं. आयटीवाले उघडून देतात, परत तेच. — एक वाचक, नंदुरबार

उत्तर : पासवर्ड बदलल्यावर जुना फोन कुणाला दिलात का, ते आठवा. त्यात तुमचं खातं तसंच असेल तर तो जुना पासवर्ड घेऊन दर पंधरा मिनिटांनी दार ठोठावतो, आणि सर्व्हर त्याला चोर समजून कुलूप घालतो. फोन घरातच असेल तर सर्व्हर कधीकधी घरच्या इंटरनेटचा सगळा पत्ताच अडवतो, आणि तुमचा लॅपटॉपही त्यात सापडतो. त्या फोनमधून खातं काढा, आणि मगच आयटीवाल्यांना उघडायला सांगा.