तीन डोस झालेत, तरी सुई टोचली तर?

प्रश्न : डॉक्टर, मी जुळे सोलापूरला राहते, एका खासगी दवाखान्यात सिस्टर आहे. काल नाईटला, गड्ड्याच्या यात्रेमुळं वॉर्ड फुल्ल, इंजेक्शन देऊन सुईला टोपण घालताना तीच सुई माझ्या अंगठ्यात गेली, रक्त पण आलं. पेशंट हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारा यकृताचा आजार) पॉझिटिव्ह. माझे त्याच्या लसीचे तीन डोस नर्सिंगला असताना झालेत, 9 वर्षं झाली, टायटर (लसीनं रक्तात अँटीबॉडी किती आल्या ते बघायची तपासणी) कधी केलंच नाही. मॅडम म्हणतात डोस झालेत ना, मग कशाला घाबरतीस, आणि घरी सासूबाईंनी माझं ताट-तांब्या वेगळं केलंय. बाळ 8 महिन्यांचं, अंगावर पितं. पाजू का नको? लवकर सांगा ओ.

उत्तर : ताई, तुम्हाला त्याच दिवशी फोनवर सांगितलंय, कारण अंक छापून येईपर्यंत थांबायचा हा विषयच नाही, पण बाकीच्या सिस्टर आणि मावशींसाठी इथं लिहितो.

तुमच्या मॅडम अर्ध्या बरोबर आहेत. तीन डोसनंतर बहुतेकांना प्रतिकारशक्ती येते, पण काहींना येतच नाही आणि ते कार्डावर लिहिलेलं नसतं. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करायचं असतं, तेव्हा 10 किंवा वर आलं असतं तर आज ते उतरलेलं दिसलं तरी चाललं असतं, शरीर विषाणूला विसरत नाही. तुमचं झालंच नाही, म्हणून आजच करायचं. 10 किंवा वर आलं तर काहीच घ्यायचं नाही. खाली आलं तर इम्युनोग्लोब्युलिन, शक्यतो 24 तासांत, फार तर सात दिवसांत, आणि त्याच वेळी दुसऱ्या दंडात लस, पुढचे डोस 1 आणि 6 महिन्यांनी. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे उसन्या अँटीबॉडी, स्वतःच्या तयार होईपर्यंत कामाला येतात. ते महाग आहे, पण ड्युटीवर टोचलंय तर खर्च दवाखान्यानं करायला हवा, मागताना लाजू नका. त्या पेशंटचं एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी पण बघून घ्या, एचआयव्हीची औषधं लागली तर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

बाळाला बिनधास्त पाजा, फक्त त्याचे पेंटाव्हॅलंटचे डोस पूर्ण झालेत का बघा, त्यात ही लस असते. सासूबाईंना सांगा, एका ताटात कडक भाकरी-शेंगाचटणी खाऊन हा आजार होत नाही, आणि सुई टोचली म्हणजे आजार झाला असंही नाही. 6 महिन्यांनी एकदा रक्त तपासा, तोवर रक्तदान नको.

आणि ते टोपण घालणं बंद करा हो, सुई थेट सुई तोडायच्या कटरमध्ये. वाळलेल्या रक्तात पण हा विषाणू सात दिवस तग धरतो, कचरा उचलणाऱ्या मावशीला तर लसच दिलेली नसते बऱ्याच ठिकाणी.