कोयत्याला ‘पाणी देणे’ म्हणजे धार लावणे का?

प्रश्न असा : ‘लोहार कोयत्याला पाणी देतो म्हणजे धारच लावतो ना? मग ग्राइंडरवर धार लावताना पाणी उतरलं, असं का म्हणतात?’

धार लागते ती कानशीने किंवा दगडावर. पाणी दिल्याने येतो तो कडकपणा. पाणी न दिलेल्या पात्यालाही छान धार लागते, पण बाभळीच्या दोन फांद्यांत वळते.

पाते लालबुंद करायचे. 770 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याला चुंबक चिकटेनासा होतो, त्याहून थोडे वर न्यायचे. त्या उष्णतेत कार्बन पोलादात विरघळलेला असतो. झटक्यात थंड केले की तो आत अडकून पडतो आणि पोलाद कडक होते. धारेकडची दोनेक सेंटिमीटर पट्टी पाण्यात बुडवून वरखाली हलवत राहायचे. स्थिर धरली तर वाफेचा थर बिलगतो आणि तेवढी जागा मऊ राहते. आता धार काचेसारखी ठिसूळ असते. म्हणून बाहेर काढून दगडाने घासून चकचकीत करायची. पाठीकडची उष्णता धारेकडे सरकते, तसे रंग चढतात : पिवळसर, तपकिरी, जांभळा, निळा. पिवळ्यावर, म्हणजे 220-230 अंशांवर, पुन्हा बुडवायचे. छिन्नीला घाव सोसायचे असतात, तिला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यावे.

ग्राइंडरवर जोर दिला की धार निळी पडते, म्हणजे ती 300 अंशांपर्यंत तापली. हेच पाणी उतरणे. वरचा रंग पुसून उपयोग नाही; तेवढा भाग सावकाश, थंड करत घासून संपवा, नाहीतर पुन्हा भट्टी.

कार्बनच पुरेसा नसेल तर पाणी काय करणार? माइल्ड स्टीलची, म्हणजे फार कमी कार्बनच्या पोलादाची, पट्टी कितीही बुडवा, मऊच. पूर्वी पोलाद महाग, म्हणून साध्या लोखंडाला धारेपुरतीच पोलादाची पट्टी जोडत. ट्रकच्या कमानपाट्यात कार्बन पुरेसा असतो, पण तो पाण्यात तडकू शकतो, म्हणून तेलात बुडवतात. तरी म्हणायचे ‘पाणी दिले’च!

1868 मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट मशेटने टंगस्टनयुक्त पोलाद काढले, ते नुसत्या हवेत कडक होई. पुढे अमेरिकेत टेलर आणि व्हाइट यांनी हायस्पीड स्टील (एचएसएस) आणले. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचे टूल लाल होऊनही कापत राहिले. त्यामुळे एचएसएसचे ड्रिल ग्राइंडरवर निळे दिसले तर लगेच पाणी उतरले समजू नका. ते 500 अंशांनाही दाद देत नाही.