शेक (रेडिएशन) चालू असताना पुन्हा एमआरआय कशासाठी?

प्रश्न : सासूबाईंना गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, स्टेज 2बी. 25 पैकी 20 शेक झाले आणि आता डॉक्टरांनी परत एमआरआय सांगितला आहे. पहिल्या रिपोर्टात गाठ 6 सेंमी होती. आजार बरा होणार की नाही, हे आताच कळेल का? त्यापेक्षा पेट स्कॅन करावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पक्का निकाल कळणार नाही, गाठ शेकाला कशी दाद देते आहे, ते मात्र दिसेल. पुढचा अंदाज बांधताना गाठ मुळात किती मोठी होती याइतकेच ती किती वेगाने आटते आहे यालाही महत्त्व असते.

रिपोर्टातले नुसते सेंटिमीटर पाहू नका. लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार करून त्याला 0.52 ने गुणा, म्हणजे गाठीचे घनफळ मिळते. 6×5×5 ची गाठ 78 घन सेंमी भरते. तीच 3×2.5×2.5 झाली, तर उरते जेमतेम 10 घन सेंमी. घरची मंडळी 'निम्मीच कमी झाली' म्हणून हिरमुसतात, पण प्रत्यक्षात आठवा हिस्सा राहिलेला असतो.

दुसरी खूण डिफ्यूजनच्या, म्हणजे पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या एमआरआय चित्रांत सापडते. पेशी दाटीवाटीने असतात तोवर मधल्या पाण्याला हलायला जागा नसते आणि ही हालचाल मोजणारा एडीसी हा आकडा कमी येतो. पेशी मरू लागल्या की तो चढतो, कित्येकदा आकार घटण्याच्याही आधी. पण हा आकडा फार नाजूक. गुदाशयात गॅस असला तर चित्रे वेडीवाकडी येतात. दुसऱ्या मशीनवर, वेगळी बी-व्हॅल्यू (मशीनचे एक सेटिंग) ठेवून काढलेला आकडा पहिल्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. म्हणून शक्यतो त्याच सेंटरला जा आणि जुनी सीडी सोबत न्या. केवळ एडीसी पाहून उपचार बदलत नाहीत, कारण त्याची सर्वमान्य सीमारेषा अजून ठरलेली नाही.

कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट येण्यासाठी शिरेतून द्यायचे औषध) देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट लागेल. दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध चालू असेल, तर त्याने किडनीवर ताण येतो.

या एमआरआयचा खरा उपयोग आहे तो आतल्या शेकाच्या, म्हणजे ब्रॅकीथेरपीच्या आखणीसाठी. गाठीचा उरलेला भाग, पूर्ण गर्भाशयमुख आणि आधी गाठ होती तिथे राहिलेले करडे पट्टे, या सगळ्याला बाहेरचा आणि आतला शेक मिळून निदान 85 ग्रे (शेकाचा डोस मोजायचे एकक) पोचावेत असे उद्दिष्ट असते. पॅरामेट्रियममध्ये, म्हणजे गर्भाशयमुखाच्या बाजूच्या भागात, गाठ उरली असेल, तर नुसता अॅप्लिकेटर (आतला शेक देण्यासाठी बसवायचे साधन) पुरत नाही. त्याच्यासोबत सुयाही घालाव्या लागतात. हे आधी कळले तर तयारी वेळेत होते.

पेट स्कॅनची आता घाई नको. शेकाने आलेली सूजही त्यात गाठीसारखीच चमकते आणि उगाच धसका बसतो. उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी केलेला पेट जास्त बोलका असतो. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील 2007 च्या अभ्यासात, त्या वेळी पेट पूर्ण स्वच्छ आलेल्यांपैकी 78 टक्के रुग्णांमध्ये तीन वर्षांपर्यंत आजार वाढला नव्हता. काही चमक उरलेल्यांत हेच प्रमाण 33 टक्के होते.

प्रश्न : एमआरआयची तारीख दहा दिवसांनंतरची मिळते आहे. तोवर शेक थांबवावा का?

उत्तर : अजिबात नाही. बाहेरचा आणि आतला मिळून सगळा शेक 8 आठवड्यांत संपायला हवा. लांबला की गाठ पुन्हा डोके वर काढण्याचा धोका वाढतो. तारीख लवकर मिळत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगा. अॅप्लिकेटर बसवल्यावर काढायच्या एमआरआयवरही आखणी होऊ शकते.