वाचकांचे प्रश्न : टेबल बदललं तरी काम अडू नये

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी लिपिक म्हणून रुजू झालो. कपाटात नुसते गठ्ठे आहेत, यादी नाही. साहेब म्हणतात, "प्रोफेशनली काम करा." म्हणजे नेमकं काय करू?
– एक वाचक

उत्तर : पदभार घेतानाच संचिकांची (फाइलींची) यादी मागून तिच्यावर तुमच्या आणि आधीच्या लिपिकाच्या सह्या घ्यायला हव्या होत्या. आता स्वतः यादी करून साहेबांना सादर करा, नाहीतर उद्या हरवलेली संचिका तुमच्या नावावर पडेल.

मग सहा गठ्ठे पाडा : प्रलंबित, प्रतीक्षाधीन (दुसरीकडून उत्तर यायचं आहे अशी), नियतकालिके (ठरावीक काळाने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची निकाली प्रकरणे आणि मुदत संपल्यावर नष्ट करायचे 'ड' वर्गाचे कागद. गोची होते ती दुसऱ्या गठ्ठ्यात. दुसऱ्या कार्यालयाला पत्र गेलं की संचिका या गठ्ठ्यात पडते आणि विसरली जाते, कारण स्मरणपत्र कधी द्यायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं. मुखपृष्ठावर पेन्सिलीने पुढची तारीख टाका आणि दर सोमवारी हा गठ्ठा उघडा. आवक पत्राची नोंद मात्र त्याच दिवशी कार्यविवरण नोंदवहीत (आलेल्या पत्रांची आणि त्यांच्यावरच्या कामाची वही) व्हायला हवी.

साहेबांपुढे निर्णयासाठी ठेवायच्या टिपणीत परिच्छेदांना क्रमांक द्या. आधी विषय, मग नियमातली तरतूद, शेवटी तुमचा प्रस्ताव. प्रस्तावाशिवाय 'आदेशार्थ सादर' लिहिणं म्हणजे चेंडू वर टोलवणं. संचिका 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत येते आणि आठवडा जातो. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या व कामातला विलंब यांबाबतच्या महाराष्ट्राच्या 2005 च्या अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही संचिका एका टेबलावर कामाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर 45 दिवसांत निर्णय आणि तशी गरज असेल तर 3 महिन्यांत. जाणूनबुजून केलेला विलंब शिस्तभंगाला पात्र ठरतो.

प्रश्न : दाखल्यासाठी अर्ज दिला. दर खेपेला नवी त्रुटी सांगतात, तीही तोंडी.
– एक वाचक

उत्तर : त्रुटी एकदाच आणि लेखी कळवायच्या असतात. तुम्ही मागितलेली सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित आहे का, ते कार्यालयातल्या फलकावर पाहा. सेवा, मुदत, शुल्क आणि पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याची तो) तिथे लिहिलेले असतात. सेवा अधिसूचित असेल तर अर्ज क्रमांक असलेली पोच मागा. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध करता येत नाही, आणि बहुतेक प्रकरणं इथेच ढेपाळतात. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत प्रथम अपील, त्या निर्णयानंतर 30 दिवसांत द्वितीय, आणि पुढे 60 दिवसांत राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तृतीय अपील. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये शास्ती होऊ शकते. पुष्कळजण आधी पुढाऱ्याचं पत्र आणायला धावतात आणि तोवर हे पहिले 30 दिवस निघून जातात.