मर्ज झाल्याचे गुण देऊ नकोस

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तांत्रिक लेखनाचा विषय तुझ्याकडे आला आणि तू तो ओपन सोर्सच्या पद्धतीने, म्हणजे सगळं खुलं ठेवून कुणीही सुधारणा सुचवावी अशा रीतीने शिकवणार, हे वाचून फार आनंद झाला. पण तुझ्या आराखड्यातली एक ओळ खटकली : 'बाहेरच्या प्रकल्पात पुल रिक्वेस्ट मर्ज झाल्यास २० गुण.' म्हणजे मुलाने सुचवलेला बदल (पुल रिक्वेस्ट) त्या प्रकल्पाने स्वीकारून आत घेतला (मर्ज केला), की गुण. ही ओळ आजच काढून टाक.

२०२० चा ऑक्टोबर आठव. हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या वार्षिक उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळायचा. लोकांनी कुणाच्याही रीडमीत (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये) 'अमेझिंग प्रोजेक्ट' असे दोन शब्द घुसडून रिक्वेस्टींचा पाऊस पाडला. फावल्या वेळात प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर तो कचरा उपसत बसले. शेवटी महिना सुरू असतानाच आयोजकांना नियम बदलावा लागला : ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिलाय, तेवढेच धरायचे. झळ डॉक्युमेंटेशनला, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या लेखनाला लागली, कारण तिथे काहीही लिहिलं तरी चालतं असा लोकांचा समज असतो. तुझ्या साठ मुलांना गुणांचं आमिष दाखवलंस, तर तीही हेच करतील, आणि दोष त्यांचा नसेल.

त्यापेक्षा सुरुवात घरातून कर. तुमच्या लॅबचं मॅन्युअल वर्षानुवर्षं तेच झेरॉक्स होत आलं असेल. ते मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकूर मांडायच्या पद्धतीत) उतरवून गिटवर, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, गिटहबसारख्या साइटवर ठेव. पहिले दोन आठवडे मुलांनी फक्त वापरायचं आणि अडलं तिथे इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद करायची. मग दुरुस्ती. प्रत्येक दुरुस्ती दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय आत घ्यायची नाही.

माझ्या वर्गात एका मुलीने इन्स्टॉलेशनच्या सहा पायऱ्या लिहिल्या होत्या. भाषा स्वच्छ. शेजारच्या मुलाला मी म्हटलं, हिच्याशी एक शब्द न बोलता हे करून दाखव. तिसऱ्या पायरीला तो थांबला. 'फाइल सापडत नाही' असं स्क्रीनवर आलं. तिचा हात दोनदा त्याच्या कीबोर्डकडे गेला, मी नजरेनेच थांबवलं. मग तिच्या लक्षात आलं : फोल्डर बदलायची आज्ञा लिहायचीच राहिली होती. ती स्वतः आधीपासून त्या फोल्डरमध्ये बसलेली, म्हणून तिला ती कधी लागलीच नव्हती. तिने कमिटचा, म्हणजे बदल नोंदवताना लिहायचा, संदेश आधी 'अपडेट' असा लिहिला. मी परत पाठवला. दुसऱ्यांदा आला : 'तिसऱ्या पायरीआधी फोल्डर बदलण्याची आज्ञा जोडली, नवीन माणसाला फाइल सापडत नव्हती.' माझ्या मते, त्या सत्रातलं तिचं सर्वांत चांगलं लेखन हे एक वाक्य होतं.

गुण द्यायचे ते यालाच : इश्यू इतका नेमका आहे का, की दुसऱ्याला तीच अडचण पुन्हा घडवून पाहता येईल? रिव्ह्यूमध्ये 'छान' याच्या पुढे काही आहे का? आलेल्या सूचनेवर मुलाने काय केलं? गिटच्या इतिहासात आणि गिटहबसारख्या साइटवरच्या इश्यू-रिव्ह्यूंच्या नोंदींत हे सगळं तारखेसह दिसतं, त्यामुळे शेवटच्या रात्री उतरवलेलं सबमिशनही लगेच कळतं.

रिपॉझिटरी, म्हणजे गिटवरचं हे सगळं साठवण, सार्वजनिक करायची असेल, तर मुलांना आधी विचार. कच्चं लेखन आपल्या नावावर कायमचं राहावं असं सगळ्यांना वाटत नाही. ज्यांना टोपणनाव हवं, त्यांना ते घेऊ दे. लायसन्स म्हणजे काय, म्हणजे आपलं लेखन इतरांनी कोणत्या अटींवर वापरायचं, हेही तेव्हाच समजावून सांग.

बाहेरच्या प्रकल्पात ज्यांना जायचंय, ते दुसऱ्या सत्रात जातील. तिथे आधी काँट्रिब्युटिंग फाइल (बदल कसे सुचवायचे याचे प्रकल्पाचे नियम) वाचायची, जुने इश्यू चाळायचे, मगच हात घालायचा. नाकारलेल्या रिक्वेस्टवर मेंटेनरने दिलेलं उत्तर वर्गात मोठ्याने वाच, त्या मुलाची हरकत नसेल तर.

मॅन्युअलचं पहिलं प्रकरण गिटवर चढलं की दुवा पाठव. तिसरी पायरी मी स्वतः करून बघेन.

तुझा,
सर